केळ्याचा जॅम पातळच का राहतो?

नाताळच्या सुटीत मुलं घरात असतात, बाजारात पेरू आणि पपई उतरलेली असते, आणि केळी तर आपल्याकडे बारा महिने. त्यामुळे थंडी पडली की या सदराकडे जॅमची पत्रं येऊ लागतात. तक्रारीचा सूर बहुतेक एकच: साखर मोजून घातली, तासभर ढवळलं, तरी जॅम जमलाच नाही. दोष हाताचा नसतो. जॅम जमायला फळातलं पेक्टिन (जॅमला जाळीसारखं घट्ट धरणारा घटक), आंबटपणा आणि साखर या तिन्ही गोष्टी ठरावीक प्रमाणात लागतात. खानदेशची पंचाईत अशी, की आपली दोन हुकमी फळं, केळी आणि पपई, पहिल्या दोन्ही बाबतींत लंगडी. पेरू, आवळा, कवठ मात्र भरभक्कम. एकाचं उणं दुसऱ्याने भरून काढायचं, हे कळलं की निम्मे प्रश्न सुटतात. उरलेल्यांची उत्तरं खाली.

प्रश्न: घरच्या बागेतल्या केळ्यांचा जॅम केला. एक किलो केळी, एक किलो साखर, दोन लिंबं. रंग काळपट-तांबडा झाला आणि बरणीत ओतल्यावर काकवीसारखा ओघळतो. काय चुकलं? (वाचक, चोपडा)

उत्तर: तीन गोष्टी चुकल्या. पहिली म्हणजे लिंबं कमी पडली. पेक्टिनची जाळी धरायला आंबटपणा बराच लागतो आणि पिकलं केळं जवळजवळ आंबट नसतंच. एका मध्यम कागदी लिंबातून साधारण एक ते सव्वा ग्रॅम आम्ल मिळतं. एक किलो केळ्याच्या गराला किमान सहा ग्रॅम हवं, म्हणजे पाच-सहा लिंबं. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते सायट्रिक ॲसिडच. ते वापरायचं तर सपाट चहाचा सव्वा चमचा पुरे.

दुसरी, बाहेरून पेक्टिन दिलंच नाही. त्यासाठी ‘पेरूचं पाणी’ करून घ्या. अर्धा किलो कडकसर, हिरवट-पिवळे पेरू बियांसकट पातळ चिरा, अर्धा लिटर पाण्यात अर्धं लिंबू पिळून मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं शिजवा आणि ओल्या मलमलीत बांधून दोन-तीन तास टांगून ठेवा. पिळू नका, पिळलं की गढूळ होतं. अडीचशे ते तीनशे मिलिलिटर किंचित चिकट पाणी मिळेल. बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं, तेच पेक्टिन.

तिसरी चूक रंगाची. केळं कापल्याबरोबर हवेने काळं पडायला लागतं आणि शिजताना जितका जास्त वेळ गॅसवर राहील तितका तांबडा होत जातो. म्हणून केळी आधी सालासकट मोदकपात्रात १० ते १२ मिनिटं वाफवा. साल काळं होईल, घाबरू नका, आतला गर पांढरट-पिवळाच राहतो. सोलून लगेच तीन लिंबांच्या रसात कुस्करा.

आता क्रम उलटा करायचा. आधी जाड बुडाच्या पातेल्यात पेरूचं पाणी आणि ७५० ग्रॅम साखर मंद आचेवर विरघळवा, मग आच वाढवून पाच-सात मिनिटं उकळा. पाक झाला की त्यात एक किलो कुस्करलेला गर घाला. एवढ्या गरासाठी सालासकट साधारण दीड-पावणेदोन किलो केळी लागतात. पाणी आधीच आटलेलं असल्यामुळे केळं गॅसवर थोडाच वेळ राहतं. शेवटची पाच मिनिटं राहिली की उरलेल्या तीन लिंबांचा रस घाला. सगळं आम्ल सुरुवातीलाच घातलं तर लांब उकळीत पेक्टिन तुटतं, आणि अजिबात नसलं तर साखर पुढे दाणे धरते. म्हणून रस असा दोनदा. एकूण माल १ किलो ४५० ग्रॅमच्या आसपास आला की उतरवा.

केळी साल पूर्ण पिवळं होऊन त्यावर बारीक तपकिरी ठिपके आलेली घ्या. देठ-टोक हिरवं असेल तर आत स्टार्च शिल्लक असतो आणि जॅम खळीसारखा लागतो. थंडीचा चरका बसलेली, साल मळकट झालेली केळी चालतात, पण आतला दांडा कडक राहिला असेल तेवढा भाग काढून टाका. आणि झाऱ्याने नव्हे, लांब दांड्याच्या लाकडी पळीने ढवळा, हाताला फडकं गुंडाळून. केळ्याचा गर उकळताना फद् फद् उडतो आणि चिकटून भाजतो. मुलांना या टप्प्यावर ओट्याजवळ येऊ देऊ नये.

प्रश्न: पेरूचा जॅम चांगला जमतो, पण खाताना कचकच लागते आणि थोडा कडवटपणाही येतो. मिक्सरमधून दोनदा फिरवते, तरी तेच. (वाचक, जळगाव)

उत्तर: मिक्सरनेच घात केला. पेरूची बी फुटली की कचकच आणि कडवटपणा दोन्ही येतात. शिवाय गाभ्याभोवती खड्यांसारख्या कठीण पेशी असतात, त्या कितीही फिरवल्या तरी बारीक होत नाहीत. त्या गाळूनच काढायच्या.

दीड किलो पेरू घ्या: दोन भाग पिकलेले, एक भाग करकरीत. पूर्ण पिकलेल्या पेरूला वास असतो पण पेक्टिन उतरलेलं असतं. पिकण्याच्या बेतात असलेल्यात ते सर्वांत जास्त. चिरून अर्धा लिटर पाण्यात झाकण ठेवून १५ ते २० मिनिटं, पाकळी बोटाने दाबली की चेपेल इतकं शिजवा. मांड्यांचं पुरण ज्या बारीक जाळीच्या चाळणीतून काढता, त्याच चाळणीतून वाटीच्या बुडाने घासून गर काढा. बी आणि खडे वर राहतात. पुरणयंत्र असेल तर सर्वांत बारीक चकती लावा आणि दट्ट्या हलक्या हाताने फिरवा. जोर केला की बी तिथेही फुटते.

मिळालेला गर वजन करा. दर किलो गराला ७५० ग्रॅम साखर आणि तीन लिंबं. गर आधी एकटा पाच मिनिटं उकळून घ्या, मग आच कमी करून साखर घाला, ती पूर्ण विरघळली की गॅस मोठा. यापुढचं काम जितकं लवकर उरकेल तितकं बरं. मंद आचेवर तासभर रटरटत ठेवलेला जॅम गडद होतो, वास उडतो आणि पेक्टिन तुटून उलट पातळ होतो. एक किलो गर, रुंद तोंडाचं पातेलं आणि मोठी आच असेल तर साखर विरघळल्यापासून २० ते २५ मिनिटांत काम होतं. म्हणून एका वेळी दोन किलोंपेक्षा जास्त गर घेऊ नका. ‘एकदाच सगळं उरकून टाकू’ म्हणून पाच किलोंचं पातेलं चढवलेल्यांची पत्रं आमच्याकडे जास्त येतात.

भांडं स्टीलचं, जाड बुडाचं. लोखंडी कढईत पेरू आणि आवळा काळे पडतात. बिनकल्हईचं पितळ आणि ॲल्युमिनियम आंबटाला चालत नाही.

प्रश्न: जॅम नेमका कधी उतरवायचा? घरी थर्मामीटर नाही. गरम असताना पातळ दिसतो म्हणून अजून आटवते, आणि गार झाल्यावर चमचा उभा राहतो. (वाचक, भुसावळ)

उत्तर: गरम जॅम पातळ दिसणारच, डोळ्यांवर जाऊ नका. सर्वांत भरवशाची खूण वजनाची, आणि तिला थर्मामीटर लागत नाही. रिकामं पातेलं आधी तोलून आकडा कागदावर लिहून ठेवा. तयार जॅममध्ये साखर आणि फळातला घन भाग मिळून साधारण दोन तृतीयांश असतो. १ किलो पेरूचा गर आणि ७५० ग्रॅम साखर यांत मिळून सव्वाआठशे ग्रॅमच्या आसपास घन भाग असतो, म्हणून माल सव्वा किलोवर आला की झालं. पातेलं काट्यावर ठेवा, पातेल्याचं वजन वजा करा. स्वयंपाकघरातला साधा पाच किलोंचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. फक्त खाली जाड लाकडी पाट ठेवा आणि त्याचंही वजन वजा करा.

दुसरी खूण बशीची. दोन स्टीलच्या बश्या आधीच फ्रीझरमध्ये ठेवा. जॅम झाल्यासारखा वाटला की गॅस बंद करा, कारण तपासणीच्या दोन मिनिटांतच तो पुढे निघून जातो. गार बशीवर अर्धा चमचा टाका, मिनिटभर थांबा आणि बोटाने कडेकडून मध्ये ढकला. वर सायीसारखी सुरकुती पडली आणि बोटामागची वाट तशीच उघडी राहिली, तर झाला. वाट लगेच भरून आली तर आणखी तीन मिनिटं. पळीची खूणही जुनी आणि चांगली: पळी आडवी धरली की आधी थेंब सुटे पडतात, नंतर दोन थेंब कडेला एकत्र येऊन पापुद्र्यासारखे लोंबतात आणि तुटून पडतात.

कानही उपयोगी पडतात. सुरुवातीला बारीक फेसाळ बुडबुडे आणि खळखळ असते. शेवटी बुडबुडे मोठे, संथ, चकचकीत होतात आणि आवाज जाड होतो.

थर्मामीटर घ्यायचाच असेल तर नियम एवढाच: पाणी जिथे उकळतं त्याच्या वर ५ अंश सेल्सिअस. जळगाव-धुळ्याच्या उंचीवर तो आकडा १०४ च्या आसपास येतो. तोरणमाळसारख्या हजार मीटरच्या वरच्या ठिकाणी पाणीच ९६ च्या आसपास उकळतं, तिथे १०४ ची वाट बघत बसलात तर जॅमची वडी होईल.

प्रश्न: साखर निम्मी केली तर? किंवा साखरेऐवजी गूळ? (वाचक, धुळे)

उत्तर: जॅममधली साखर गोडीपुरती नसते. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे पेक्टिनला एकमेकांत गुंतता येतं आणि बुरशीला पाणी मिळत नाही. निम्मी केलीत तर जे होईल ते शिजवलेलं गोड फळ. चवीला छानच लागतं, पण फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवा. बाहेरच्या तापमानाला टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. पेरूला किलोमागे ६५०-७०० ग्रॅमपर्यंत खाली येता येतं, मात्र वजनाचा हिशेबही खाली आणावा लागतो आणि माल कमी भरतो.

गुळाचं वेगळं आहे. रस साफ करताना बहुतेक ठिकाणी चुना वापरतात, तो लिंबाचा आंबटपणा मारतो, आणि मळीमुळे रंग काळसर येतो. गुळाचा हट्ट असेल तर आवळ्याला वापरा, तो आंबटपणात कमी पडत नाही.

प्रश्न: शहादा भागात पपई मुबलक आहे. पपईचा जॅम जमतो, पण मुलांना वास आवडत नाही. (वाचक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर: एकट्या पपईचा करूच नका. १ किलो पपईचा गर, अर्धा किलो पेरूचा गाळलेला गर, १ किलो साखर, सात-आठ लिंबं. वासासाठी एका संत्र्याचा रस, आणि त्याच संत्र्याच्या सालीचा केशरी भाग किसून शेवटच्या पाच मिनिटांत. सालीच्या आतला पांढरा कापसासारखा भाग आणि बिया फेकू नका. फडक्यात पुरचुंडी बांधून गरात शिजू द्या आणि साखर घालण्याआधी दाबून काढा; त्यातही भरपूर पेक्टिन असतं. पपई पूर्ण पिकलेली पण घट्ट हवी. माल १ किलो ७०० ग्रॅमला उतरवा.

प्रश्न: गेल्या वर्षी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत भरला. महिन्याभरात वर पांढरी बुरशी. वरचा थर काढून खाल्ला तर चालतो का? (वाचक, अमळनेर)

उत्तर: नाही. बुरशीचे धागे दिसतात त्याच्या खालीही गेलेले असतात. बरणी टाकून द्या.

कारण बहुधा झाकणात आहे. लोणच्याच्या झाकणाच्या चकतीत तेल आणि हिंग-मोहरीचा वास मुरलेला असतो, चकती दबलेली असते आणि हवा आत जाते. बाटली जुनी चालेल, झाकण नवं घ्या: धातूचं, आतून रबरासारखा कडा असलेलं, फिरवून घट्ट बसणारं. प्लास्टिकचं झाकण उकळत्या जॅमच्या वाफेने वाकतं.

बाटल्या गार पाण्यात ठेवून पाणी उकळीला आणा आणि १० ते १५ मिनिटं उकळा. झाकणं शेवटची पाच मिनिटं. चिमट्याने काढून स्वच्छ कोरड्या फडक्यावर पालथ्या घाला, पुसू नका. जॅम उतरल्यावर फेस काढायचा आणि गरम असतानाच, म्हणजे ८५ अंशांच्या वर, भरायचा. काठापासून अर्धा सेंटिमीटर जागा सोडा. बाटलीच्या काठावर जॅम सांडला असेल तर उकळलेल्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपून घ्या, कारण बुरशी बरेचदा तिथूनच शिरते. झाकण लगेच लावा. गार झाल्यावर झाकणाचा मध्य किंचित आत ओढला गेला पाहिजे. दाबल्यावर टक् टक् वाजत असेल तर ती बाटली फ्रीजमध्ये ठेवून आधी संपवा.

थंडीच्या दिवसांत एक जपा. सकाळी ओट्याचा दगड गारठलेला असतो. त्यावर गरम बाटली ठेवून उकळता जॅम ओतला की बूड तडकतं. खाली लाकडी पाट किंवा चौपदरी फडकं हवंच.

डिसेंबरमध्ये भरलेला जॅम न उघडता सहज पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतो. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा माळ्यावर पत्र्याखाली ठेवलेला जॅम तांबूस होतो आणि वास बदलतो. होळीनंतर बाटल्या घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, आणि चमचा कोरडा.

प्रश्न: दीड महिन्याने जॅममध्ये साखरेचे खडे झाले. (वाचक, शिरपूर)

उत्तर: एकतर साखर विरघळण्याआधी गॅस मोठा केलात, किंवा लिंबू कमी पडलं, किंवा जास्त आटवलात. पातेल्याच्या कडेला चिकटलेले साखरेचे कण ओल्या ब्रशने आत ढकलावेत, एक दाणाही पुढे खड्यांचं बी होतो. झालेले खडे काढायचे तर बाटली गरम पाण्यात ठेवून हलक्या हाताने ढवळा. काही दिवस बरं राहील, नंतर पुन्हा होतील. लवकर संपवा.

प्रश्न: बरणीत जॅमवर पाणी सुटतं. आणि न जमलेला जॅम पुन्हा आटवता येतो का? (वाचक, पाचोरा)

उत्तर: पाणी सुटणं म्हणजे आंबटपणा जास्त झाला, किंवा जॅम जमत असताना बरणी हलवली. भरल्यावर रात्रभर हात लावू नका.

न जमलेल्या जॅमला आधी दोन दिवस द्या. पेक्टिन सावकाश धरतं, घाईने पुन्हा चढवलेला जॅम बऱ्याचदा आपोआप जमणारा असतो. दोन दिवसांनीही ओघळत असेल तर किलोमागे १५० मिलिलिटर पेरूचं पाणी आणि एका लिंबाचा रस घालून मोठ्या आचेवर पुन्हा बशीच्या खुणेपर्यंत आणा. बाजारची पेक्टिन पावडर असेल तर किलोमागे ५ ग्रॅम, पण ती पाचपट कोरड्या साखरेत मिसळूनच टाका, नाहीतर गुठळ्या होतात आणि त्या विरघळत नाहीत. मात्र पहिल्या वेळीच तासभर उकळून पातळ झाला असेल तर पुन्हा आटवण्यात अर्थ नाही. त्याचं सरबत करा किंवा पोळीशी खा.

प्रश्न: आमच्या मेहरूणच्या बोरांचा जॅम होईल का? आणि कवठाचा? (वाचक, जळगाव)

उत्तर: बोराचा होतो, पण बोरात रस कमी आणि गर पिठूळ, त्यामुळे एकट्याचा केला तर चोथट लागतो. १ किलो पिकली बोरं आणि ४ आवळे ६०० मिलिलिटर पाण्यात शिजवून, आठळ्या काढून गाळा. मिळालेल्या गराच्या तीन चतुर्थांश साखर, दर किलोला दोन लिंबं. फार आटवू नका, हा जॅम बाटलीत आणखी घट्ट होतो.

कवठाचा जॅम करण्यापेक्षा जेली करा, त्यातलं पेक्टिन जेलीसाठीच आहे. गर काढून दुप्पट पाण्यात २० मिनिटं उकळा, मलमलीतून न पिळता गाळा. गाळलेल्या एक कप पाण्याला पाऊण कप साखर. लिंबू बहुधा लागत नाही, चाखून ठरवा. जानेवारीच्या शेवटी चांगली कवठं येतात, तोवर थांबा.

प्रश्न: आमच्या बचत गटाला जॅम विकायचा आहे. टिकण्यासाठी पावडर घालावी का? (वाचक, यावल)

उत्तर: वर सांगितलेल्या वजनाला उतरवून गरम भरलेल्या जॅमला पावडर लागत नाही. तिची मात्रा मिलिग्रॅमात असते, घरच्या काट्यावर ती मोजता येत नाही आणि चिमटीने घालणं धोक्याचं. विकण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. बाटलीवर ‘जॅम’ लिहायचं तर नियमाने फळ किमान ४५ टक्के आणि एकूण विद्राव्य (विरघळलेला, मुख्यतः साखरेचा) घन भाग किमान ६५ टक्के हवा. तो मोजायला हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो. गटाने एक घेऊन ठेवावा. थेंबभर जॅम गार करून काचेवर लावायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. घेताना ५८ ते ९० ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे याच घन भागाची टक्केवारी) दाखवणारा मागा; दुकानदार बहुधा ३२ पर्यंतचा हातात ठेवतात, तो उसाच्या रसाला ठीक, जॅमला निरुपयोगी.